समोर ठेवलेला डबा

“...आणि तिसरं तर परदेशात आहे, भंते. या तिघांतलं आदर्श विद्यापीठ कोणतं म्हणायचं?”

भंते विमलसारांनी ओट्यावर पडलेलं एक पान उचलून बाजूला ठेवलं.

उत्पलाला वाटलं, प्रश्न त्यांच्या डोक्यावरून गेला. म्हणून तिने तो पुन्हा विचारला. या खेपेला जरा सोपा करून, अंगणवाडीतल्या पोरांना समजावतात तसा.

“एक दिल्लीला आहे. त्याचं नाव फार मोठं. दुसरं दक्षिणेत. नाव तेवढं नाही, पण माझ्या विषयातले सगळ्यात चांगले प्राध्यापक तिथे आहेत. तिसरं परदेशात. तिथलं ग्रंथालय पाहून माणूस तोंडात बोट घालेल. तिन्हीकडे मला पीएचडीला प्रवेश मिळालाय. आज संध्याकाळपर्यंत एकाला हो म्हणायचंय.”

“तिन्हीकडं?”

“तिन्हीकडे.”

“बरं झालं,” भंते म्हणाले... आणि समोरच्या पिंपळाकडे पाहत बसले.

बरं झालं? एवढंच? उत्पला मनातून खट्टू झाली. गेले काही दिवस गावात जो भेटे तो हे ऐकून हात जोडत होता. कौतुकाची सवय फार लवकर लागते, आणि ती लागली की साधं ‘बरं झालं’ पोटात दुखायला पुरतं.

भंडाऱ्याकडे एका तालुक्याच्या गावाबाहेर लहानशी टेकडी आहे. टेकडीवर पत्र्याचं छप्पर असलेलं बुद्धविहार, पुढे ओटा, ओट्यापुढे पिंपळ. पावसाळ्यात भिक्खूने गावोगाव न फिरता एका जागी मुक्काम करायचा असतो, त्याला वर्षावास म्हणतात. भंते विमलसार वर्षावासाला म्हणून इथे आले आणि पावसाळा संपल्यावरही राहिले. त्याला बरीच वर्षं झाली. आता ते म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्याशिवाय टेकडीवर कोणी राहत नाही.

वर्षावासात वस्तीतली घरं भंतेंचं जेवण वाटून घेतात. आज उत्पलाच्या घरचं भोजनदान होतं. एरवी तिची आई, रत्नमालाबाई, पांढरं लुगडं नेसून स्वतः डबा घेऊन येई. पण काल तिला ताप भरला होता. सकाळी उठून तिने रांधलं खरं, टेकडी चढणं मात्र तिच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून डबा घेऊन लेक आली होती.

आल्या आल्या तिने डबा भंतेंच्या शेजारी ओट्यावर ठेवला, रीतसर तीन वेळा वंदन केलं आणि बोलायला बसली. ती जी बसली ती बसलीच.

“म्हणजे बघा, नुसतं नाव पाहून चालत नाही,” ती म्हणाली. “क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात विद्यार्थ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. आणि जिथे वेळ असतो, तिथली पदवी कोणी विचारत नाही.”

“आनखी?”

“आणखी म्हणजे, मार्गदर्शक चांगला हवा. ग्रंथालय हवं. वसतिगृह हवं. आपल्या माणसांना तिथे कसं वागवतात तेही पाहायला हवं. भंते, आपली मुलं तिथे जातात आणि मान खाली घालून परत येतात. मी नाही घालणार मान खाली.”

“नोको घालू.”

“म्हणून तर इतका विचार करतेय.”

“कर... आनखी?”

आणखी बरंच होतं. उत्पला बोलत राहिली. बोलणं तिला चांगलं येत होतं, यात वाद नाही. तिने पाली विषयात एमए केलं होतं आणि सुवर्णपदक मिळवलं होतं. विद्यापीठाच्या सभागृहात बोलायची तशीच ती आता पत्र्याच्या छपराखाली बोलत होती. श्रोता एकच होता, पण श्रोत्याने मान डोलावली की तिला तेवढं पुरे.

पिंपळाची सावली ओट्यापासून मागे सरकत चालली होती.

मधेच तिच्या मनात आलं, आपण कोणाला विचारतोय हे.

“भंते, तुम्ही किती शिकलात?”

“मले शिकवनारा होता, तवरोक शिकलो.”

“आणि मग?”

“मंग तो गेला...”

उत्पला थोडी पुढे सरकून बसली.

“दुसरीकडे नाही गेलात? दुसरा गुरू?”

“गेलो ना. चांगले होते ते लोकं. पुस्तकं बी खूप होते तिथं.” भंतेंनी अंगावरच्या चीवराचं टोक सारखं केलं. “पन मी चुकलो त थो पहिला शिकवनारा मानूस हासत होता. तिथं हासाले कोनी नव्हतं. मंग निंगून आलो.”

हे काही उत्तर झालं नाही, असं उत्पलाला वाटलं. पण ती गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण जे बोलतोय ते विचारायला आपण आलोच नव्हतो.

ती खाली पाहत म्हणाली, “खरं सांगू का भंते?... कुठलं विद्यापीठ, हा प्रश्नच नाही. जावं की जाऊ नये, तेच समजत नाहीये.”

“कायले?”

“मला एकटं वाटतं.”

एवढं मोठं पदक मिळवलेली मुलगी हे वाक्य इतक्या हळू बोलली की पिंपळाच्या पानांत ते हरवून जायचं. भंतेंनी मात्र ते ऐकलं. त्यांनी ‘आनखी’ म्हटलं नाही, नुसते थांबले.

“बारावीपर्यंत आमच्या घरात नुसता गोंधळ असायचा,” ती म्हणाली. “आई रागावायची, मी उलट बोलायचे, ती लाटणं उगारायची. बीए झाले आणि तिचं रागावणं बंद झालं. मला वाटलं, बरं झालं. एमए झाले आणि बोलणंच बंद झालं. मी घरात शिरले की ती टीव्ही बंद करते. खुर्ची पदराने पुसून देते. मला, भंते... माझी आई खुर्ची पुसून देते.”

“हं.”

“मला टेबलावर वाढते आणि स्वतः चुलीपाशी बसून जेवते. ये म्हटलं तर म्हणते, तू वाच, तू वाच. माझ्याशी बोलताना ‘तुले’ म्हणते, लगेच थांबते आणि ‘तुला’ म्हणते. मी कधीच तिला टोकलं नाही. ती आपलं आपणच...”

वस्तीतल्या मैत्रिणी आता तिला मॅडम म्हणत होत्या, तेही तिला सांगायचं होतं. त्या आधी नावाने हाक मारायच्या, भांडायच्या, चिंचेसाठी केस ओढायच्या. आता त्यांची पोरं तिच्या पाया पडायला पुढे ढकलली जात होती. ते तिने सांगितलं नाही, गिळून टाकलं.

“जितकी वर जाते तितकी माणसं कमी होतात,” ती म्हणाली. “आणखी शिकले तर उरेल कोण? कशासाठी शिकायचं मग?”

भंतेंनी पिंपळावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“माह्यं बी तसंच हाय,” ते म्हणाले.

उत्पलाने मान वर केली.

“लोकं येते. पाया पडते. पाठ न दाखवता मांगं मांगं जाते. इतवारी तर लय येते. पन बसत नाही कोनी.” ते स्वतःशीच थोडं हसले. “पाया पडनाऱ्याशी बोलता येत नाही, पोरी. त्याचं तोंड खाली असते.”

भिक्खूला एकटं वाटू शकतं, हे उत्पलाच्या कधी मनातही आलं नव्हतं. एकांत हे भिक्खूचं भूषण आहे, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर तिच्या सरांनी खूण करून ‘छान’ म्हटलं होतं. आता तिला ते वाक्य आठवून कसनुसं झालं. समोरचा माणूस भूषण वगैरे घालून बसलेला दिसत नव्हता. तो नुसता म्हातारा आणि एकटा दिसत होता.

दोघं तसेच बसून राहिले. दोन एकटी माणसं शेजारी बसली तरी एकटीच राहतात कधीकधी.

खाली गावात राइस मिलचा भोंगा झाला. दुपारचा, बाराचा भोंगा.

भंते उठले. विहारात जाऊन आपलं भिक्षापात्र घेऊन आले. ओट्याखालच्या नळावर त्यांनी ते धुतलं, सावकाश, आतून बाहेरून. मग फडक्याने पुसलं आणि सावलीत पालथं घातलं.

उत्पला पाहत होती.

“भंते, पात्र तर स्वच्छच होतं.”

“होतं.”

“मग धुतलं कशाला?”

“जेवाची वेळ सरली ना... सरली म्हनून धुतलं.”

तिने पालथ्या पात्राकडे पाहिलं. मग शेजारी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. डबा जिथे ठेवला होता तिथेच होता, झाकणाची कडी तशीच लागलेली. भंतेंच्या मांडीपासून वीतभर लांब.

आणि मग तिला उमगलं.

भिक्खू समोर ठेवलेलं अन्न उचलून घेत नाही. कोणी हाताने दिलं तरच घेतो. आणि दुपारचे बारा वाजून गेले की त्या दिवशी त्याला जेवण नाही, पुढचं जेवण दुसऱ्या दिवशी. हा नियम वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. उत्पलाला तर जास्तच माहीत होता. तिचा एमएचा प्रबंध भिक्खूंच्या भोजननियमांवर होता. पदक त्यावरच मिळालं होतं.

“तुम्ही... तुम्ही सकाळपासून...”

“सकाळी वस्तीतून पेज आली होती थोडीशी.”

“पण मला सांगायचं ना, भंते. नुसतं म्हणायचं, डबा दे म्हणून.”

“भिक्खूले मांगता येत नाही.”

“नुसती खूण करायची.”

“खून बी करता येत नाही. तुले तर माहीत असन.”

माहीत होतं. खूण करून मागणं हेही मागणंच, याची चर्चा तिने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात केली होती. चांगली पानभर केली होती.

तिला सकाळ आठवली. ती डबा घेऊन निघाली तेव्हा आई दाराशी उभी होती, तापाने डोळे लाल झालेली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं होतं. “भंतेले...” एवढंच म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “जाऊ दे. तुले मालूमच हाय... तुला.” आणि आत गेली. उत्पला तेव्हा फोनवर तिन्ही विद्यापीठांच्या वसतिगृहांचे फोटो पाहत होती.

ती ओट्यावरून उठली. तिने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि भंतेंपुढे धरला.

भंतेंनी मान हलवली. “आता नाही.”

“थोडंसं तरी. आत्ताच तर भोंगा झाला.”

“झाला ना.”

ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली. रडू येत होतं आणि भंतेंपुढे रडायची लाज वाटत होती. शेवटी लाज हरली.

“काय उपयोग भंते माझ्या शिक्षणाचा,” ती म्हणाली. “आई चौथी शिकलेली. तिच्या हातून हे कधी झालं नसतं. मी नियम पाठ म्हणते आणि माझ्यासमोर माणूस उपाशी राहतो. नकोच ते. मी नाही जात कुठे. तिघांनाही नाही म्हणून टाकते आणि इथेच राहते.”

“डबा उघड,” भंते म्हणाले.

“काय?”

“उघड ना.”

तिने कडी काढली. वरच्या पुडात तांदळाची खीर होती. खाली अंबाडीची भाजी, वरण, आणि तळाच्या पुडात भात. अंगात ताप असताना आईने हे सगळं कधी केलं असेल, कोण जाणे. खिरीवर चारोळीही घातली होती.

“नासलं काय?” भंतेंनी विचारलं.

“नाही.”

“कच्चं रायलं?”

“नाही भंते. चांगलं आहे.”

“मंग त्याले कायले शिव्या देऊन रायली?”

तिने खिरीवर बसू पाहणारी माशी हाकलली.

“अन्न चांगलं होतं,” भंते म्हणाले. “मले भूक बी होती.” आणि त्यांनी सकाळपासून डब्याच्या आणि आपल्या मध्ये राहिलेल्या वीतभर जागेवरून हात फिरवला, धूळ झाडावी तसा. “बस. आता तू जेव.”

“मी? तुम्ही उपाशी आणि मी जेवू?”

“भरला डबा घरी नेशीन त तुही माय उद्या तापातच टेकडी चढन. जेव.”

म्हणून ती जेवायला बसली. भातावर वरण घेतलं, भाजी घेतली. पहिला घास कसाबसा गेला. दुसऱ्या घासाला तिला अंबाडीची चव लागली, आंबट, लसणाची भरपूर फोडणी दिलेली. ही भाजी तिला आवडते म्हणून आई पावसाळ्यात सारखी करायची. या पावसाळ्यातही केली असणारच. कधी केली, कशी झाली होती, तिला काहीच आठवेना. ती खायची तेव्हा समोर पुस्तक असायचं नाहीतर फोन. आणि आई चुलीपाशी, पाठमोरी.

तिच्या डोळ्यांतलं पाणी भातात पडलं. तिने ते पुसलं नाही.

“सावकाश खाय,” भंते म्हणाले. ते समोर बसले होते, हात मांडीवर ठेवून, आणि तिच्या डब्याकडे न पाहता पिंपळाकडे पाहत होते. “लय दिसानं इथं कोनी बसून जेवलं.”

“लोक इथे जेवत नाहीत?”

“मले वाढते अन् जाते. मी एकटाच जेवतो.” जरा थांबून ते म्हणाले, “बरं वाटून रायलं.”

उपाशी माणसाने असं म्हणावं, हे ऐकून तिला आणखीच भरून आलं. तिने उरलेलं सगळं खाल्लं. खीरही संपवली. मग नळावर डबा घासला, विसळला, फडक्यात बांधला. ऊन ओट्यावर आलं होतं. खाली वस्तीतले पत्रे चमकत होते आणि त्यातलं आपलं घर कुठलं, ते तिला इथून नीट ओळखता येईना.

निघायची वेळ झाली. तिने वंदन केलं. पण पाय निघत नव्हता.

“भंते, तुमचं जेवण राहिलं आणि माझं उत्तरही राहिलं.”

“हं.”

“मी जाईन बहुतेक. म्हणजे... जायचं तर आहेच. मगाशी रागाने बोलले. शिकल्याशिवाय मला राहवणार नाही, ते मला कळतंय.” तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. “पण कुठे जाऊ, ते सांगा ना. संध्याकाळ व्हायला आली.”

भंते हसले. संध्याकाळ व्हायला बराच अवकाश होता.

“घरी काय म्हटलं?” त्यांनी विचारलं.

“घरी काय म्हणणार? प्रवेश मिळाला म्हणून सांगितलं, तर आईने बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि भांडी घासायला गेली.”

“तिनं कोनतं म्हटलं, तिघातलं?”

“तिने कुठे काय म्हटलं. मी विचारलंच नाही.”

“विचार मंग.”

“कोणाला? आईला?” उत्पलाला या सगळ्यातही हसू आलं. “भंते, आईला काय कळतंय यातलं?”

बोलून गेली. मग मात्र ते शब्द तिचे तिलाच ऐकू आले, आणि ते हसू तोंडावरच राहिलं. तिने भंतेंकडे पाहिलं...

भंते पालथं घातलेलं पात्र उचलून काखेत घेत होते.

“यातलं मले बी काही समजत नाही, पोरी,” ते म्हणाले. “पन मले तू विचारलं.”